उजेडाची कात्री कुणाच्या हातात?

मागच्या वेळी रेडिओवर आम्ही बचतगटाच्या हिशोबाच्या वहीबद्दल बोललो होतो. आज एका यंत्राचा इतिहास सांगणार आहोत. यंत्राचं नाव लेझर कटर. इतिहास म्हटलं की आपल्याला राजे, किल्ले, लढाया आठवतात. पण विळीला, जात्याला, शिलाई मशीनलाही इतिहास असतो, आणि त्यात आपण बायका कुठे होतो आणि कुठे नव्हतो, हेही लिहिलेलं असतं.

आमचा गट खुलताबाद तालुक्यातला. वेरूळची लेणी आमच्यापासून जवळ. पावसाळ्यात आणि सुट्ट्यांत तिथे पर्यटकांची गर्दी होते. आम्ही तिथे मसाले, शेवया आणि पापड घेऊन बसायचो. शेजारच्या दुकानात लाकडी किचेन, नक्षीच्या डब्या, कैलास लेण्याचं चित्र कोरलेल्या फळ्या विकायला असत. गिऱ्हाईक पापड हातात घेऊन परत ठेवायचं आणि डबी घेऊन जायचं. डब्या कुठून येतात म्हणून चौकशी केली, तर समजलं की बऱ्याच बाहेरच्या राज्यांतून येतात. लेणं आपल्या दारात, आणि त्याचं चित्र कोरलेली डबी परराज्यातून! बैठकीत विषय निघाला. सचिवताई म्हणाल्या, "हे कापायला कसलंसं लेझर लागतं. शहरात एक कार्यशाळा आहे, तिथे तासावर मशीन वापरायला देतात."

आम्ही पाच जणी गेलो. पहिल्याच दिवशी टेबलावरच्या माणसाने विचारलं, "सोबत कुणी गडीमाणूस आहे का?" अध्यक्षताईंनी उत्तर दिलं, "नाही. का, मशीनला लागतो का?" तो हसला आणि वही पुढे केली. त्या प्रश्नाचा राग आम्हाला बरेच दिवस होता. पण पुढे इतिहास वाचत गेलो तेव्हा कळलं, की हा प्रश्न त्या एका माणसाचा नाही, फार जुना आहे.

मशीन म्हणजे मोठ्या पेटीसारखी. वर काचेसारखं झाकण, आत जाळीचा पाट. पाटावर लाकडाचा पातळ पत्रा ठेवला, झाकण लावलं, संगणकावर बटण दाबलं. आतलं डोकं सरसर फिरलं आणि लाकडात फूल कापलं गेलं. आमच्या गटातल्या थोरल्या मावशी डोळे बारीक करून बघत होत्या. म्हणाल्या, "पातं दिसंना, करवत दिसंना. मग कापायलंय काय?"

शिकवणारे सर म्हणाले, "उजेड." मावशींना पटलं नाही. आम्हालाही नाही. हा उजेड डोळ्यांना दिसतच नाही. मग आम्ही ठरवलं, आधी हे नीट समजून घ्यायचं.

लहानपणी भिंगाने उन्हात कागद जाळलेला तुम्हाला आठवत असेल. सूर्याचा पसरलेला उजेड भिंग एका टिंबावर गोळा करतं आणि कागद पेटतो. लेझरची गोष्ट तिथूनच सुरू होते, फक्त त्याचा उजेड उन्हासारखा सगळीकडे पसरत नाही. तो एकाच रंगाचा आणि एकाच दिशेने चाललेला असतो, कवायतीच्या रांगेसारखा. असा उजेड निर्माण होऊ शकतो, याचा विचार आइन्स्टाइन यांनी १९१७ साली मांडला होता. प्रत्यक्षात पहिला लेझर पेटला १९६० साली, अमेरिकेत. थिओडोर मेमन यांनी तो माणकाच्या कांडीतून काढला. पण त्या काळात त्याचं करायचं काय, हे कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. उत्तर सापडलं, पण प्रश्न सापडेना, असं तेव्हा लेझरबद्दल थट्टेने म्हणत.

आता पुढची गोष्ट नीट ऐका, कारण ती आपल्या महाराष्ट्राची आहे. १९३८ साली बारामतीत एक मुलगा जन्मला, कुमार पटेल. पुण्याच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९५८ साली पदवी घेऊन तो अमेरिकेला गेला, स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकला आणि १९६१ साली बेल प्रयोगशाळेत लागला. तिथे १९६४ साली त्याने कार्बन डायऑक्साइड वायूपासून लेझर तयार केला. आपण श्वास सोडतो त्यात असतो तोच हा वायू. त्यासोबत नायट्रोजन आणि हेलियम मिसळून नळीत भरायचं, विजेचा दाब द्यायचा, की नळीतून उष्णतेच्या जातीचा उजेड निघतो. माणसाच्या डोळ्याला तो दिसत नाही. लाकूड, कागद, कापड, कातडं, ॲक्रिलिक हे सगळं मात्र तो उजेड पिऊन घेतं आणि त्या जागी जळून किंवा वितळून जातं.

शहरातल्या कार्यशाळेत आमच्यासमोर असलेली काचेची नळी त्याच जातीची. सरांनी हे सांगितलं तेव्हा मावशी म्हणाल्या, "म्हंजे बारामतीच्या लेकराचं काम हाय का हे!" त्यानंतर मावशींची भीती अर्धी गेली. परक्या वाटणाऱ्या वस्तूच्या मुळाशी आपल्या मातीतला माणूस निघाला, की हात पुढे होतो.

लेझरने कापायला सुरुवात झाली तीही गमतीची आहे. विजेची बारीक तार ओढायला हिऱ्याचा साचा लागतो आणि त्या हिऱ्याला भोक पाडणं महाकठीण. १९६५ साली अमेरिकेतल्या एका कंपनीने हे भोक लेझरने पाडून दाखवलं. मग १९६७ साली इंग्लंडमध्ये पीटर हूल्डक्रॉफ्ट यांनी कार्बन डायऑक्साइडच्या लेझरबरोबर ऑक्सिजनचा झोत सोडला आणि एक मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा कापला. चूल पेटायला आपण फुंकणीने फुंकतो, त्यातलाच प्रकार. पुढे हे तंत्र कारखान्यांत गेलं. आज आपल्या शहराजवळच्या वाळूज आणि चिकलठाण्याच्या औद्योगिक पट्ट्यातही पत्रा कापायला लेझर वापरतात. आपल्या घरातली मुलं त्या गेटमधून आत जातात, पण आत काय चालतं ते आपल्यापर्यंत पोचत नाही.

आता दुसरा धागा. उजेड कापतो हे खरं, पण कुठे कापायचं हे त्याला कोण सांगतं? संगणकातलं चित्र सांगतं. आणि चित्रावरून यंत्राला हुकूम देण्याची ही रीत संगणकापेक्षा फार जुनी आहे. ती मागावर जन्मली.

आपल्या शहराचं हिमरू कापड तुम्ही पाहिलं असेल. सूत आणि रेशीम मिसळून विणलेलं, नक्षीचं. महंमद तुघलकाने चौदाव्या शतकात राजधानी दौलताबादला आणली, तेव्हा विणकर इकडे आले असं सांगतात. नक्षीचं कापड विणायचं तर प्रत्येक ओळीला ताण्याचे कोणते दोरे वर उचलायचे हे ठरवावं लागतं. पूर्वी हे दोरे ओढायला मागाजवळ वेगळा माणूस लागे. १८०४ साली फ्रान्समध्ये जोसेफ मरी जकार्ड यांनी पुठ्ठ्याच्या भोकं पाडलेल्या पट्ट्या मागावर चढवल्या. भोक असेल तिथे दोरा उचलायचा, नसेल तिथे नाही. पट्ट्यांची माळ बदलली की नक्षी बदलली. पुढे जकार्ड आपल्याकडच्या मागांवरही आला.

ही भोकांची भाषा पुढे कुठवर गेली बघा. इंग्लंडात चार्ल्स बॅबेज यांनी गणित करणाऱ्या यंत्राचा आराखडा केला, तोही याच पट्ट्यांवर. त्या यंत्राबद्दल १८४३ साली एका बाईने लेख लिहिला, एडा लव्हलेस. जकार्डचा माग जशी फुलं-पानं विणतो तसं हे यंत्र गणित विणेल, अशी तुलना तिने केली. संगणकाला द्यायच्या हुकमांचा विचार मांडणाऱ्या पहिल्या माणसांत तिचं नाव घेतात. मग १९५२ साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत भोकांच्या कागदी पट्टीवर चालणारं धातू कापायचं यंत्र दाखवलं गेलं. पुढे पट्टी गेली आणि तिच्या जागी संगणक आला. पटेलांची नळी आणि मागाची भाषा एकत्र आली, तेव्हा आपल्या समोरची ही पेटी तयार झाली.

आणि तिसरा धागा, आपल्या सगळ्यांच्या जवळचा. ही यंत्रं कारखान्यातून सामान्य माणसाच्या हातात कशी आली?

पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात पाबळ नावाचं गाव आहे. मस्तानीची समाधी असलेलं हे गाव दुष्काळी पट्ट्यात येतं. तिथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. कलबाग अमेरिकेत शिकलेले, मुंबईत मोठ्या कंपनीत संशोधन करणारे. ती नोकरी सोडून ते पाबळला गेले. त्यांचं म्हणणं साधं होतं, माणूस हाताने काम करत शिकतो. शाळेत नापास झालेली मुलं तिथे वेल्डिंग, वायरिंग, बांधकाम, शेती, पशुपालन शिकत. ही पद्धत पुढे अनेक शाळांत मूलभूत तंत्रज्ञान या नावाने गेली. आठवीपासूनच्या मुली तिथे मुलांबरोबर वेल्डिंगचा चष्मा लावून उभ्या राहतात आणि मुलं स्वयंपाकघरात चिक्की करतात. कुणाचं काम कुठलं, ही वाटणी तिथे पुसायला सुरुवात झाली होती.

त्याच एमआयटीत नील गेर्शेनफेल्ड नावाचे प्राध्यापक १९९८ पासून विद्यार्थ्यांना जवळपास काहीही कसं बनवायचं, हे शिकवत होते. लेझर कटर, संगणकावर चालणारी कटाई यंत्रं, छोटे विजेचे सुटे भाग, असं सगळं एका खोलीत. त्यांना वाटलं, अशी खोली सामान्य लोकांना दिली तर? तिला फॅब लॅब असं नाव पडलं. आणि एमआयटीच्या बाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी एक २००२ साली कुठे उभी राहिली? आपल्या पाबळमध्ये. गावकऱ्यांचे प्रश्न होते डिझेल इंजिन नीट चालवण्याचे, दुधाची प्रत तपासण्याचे, आणि त्यांवर तिथे काम सुरू झालं. डॉ. कलबाग २००३ साली गेले, पण काम थांबलं नाही. आज जगभर अनेक देशांत अशा लॅब आहेत.

मैत्रिणींनो, हे वाचल्यावर आम्ही जरा गप्प झालो. नळी शोधणारा बारामतीचा. सगळ्यांसाठीची कार्यशाळा वीस वर्षांपूर्वीच पाबळला. मग आम्ही आजवर पापडच का लाटत होतो? पापडाला कमी लेखत नाही. पापडावर आमच्या लेकरांच्या फिया भरल्या. पण प्रशिक्षण म्हटलं की बायकांना पापड, लोणचं, अगरबत्ती आणि फार झालं तर शिलाई मशीन, हे कुणी ठरवलं?

जात्याचा इतिहास आठवा. शेकडो वर्षं पहाटे उठून दळणारी बाई. दळण हे बाईचंच काम, गड्याने जात्याला हात लावला तर लोक हसायचे. मग गावात गिरणी आली. दगड तेच, धान्य तेच. पण गिरणीचं बटण गड्याच्या हातात गेलं आणि बाई डबा घेऊन रांगेत उभी राहिली. तिचे कष्ट वाचले, ते चांगलंच झालं. पण दळणाचे पैसे मात्र दुसऱ्याच्या गल्ल्यात गेले. पाण्याचंही तसंच. हंडा बाईच्या डोक्यावर, पंपाची किल्ली गड्याच्या खिशात. कामाला यंत्र लागलं की काम बाईच्या हातून सुटतं. "गडीमाणूस आहे का" हा प्रश्न तिथून येतो. मागावरही बायका बरीच वर्षं कांड्या भरत होत्या आणि मागावर पुरुष बसत होते. आता पैठणला जाल तर बाया मागावर बसून पैठणी विणताना दिसतात. म्हणजे हे बदलता येतं. पण आपोआप बदलत नाही, कुणीतरी जाऊन मागावर बसावं लागतं.

म्हणून आम्ही ठरवलं, तयार डब्या कापून घ्यायच्या नाहीत. मशीन आपण चालवायला शिकायचं.

शिकायला आम्हाला दोन महिने लागले, आठवड्यातून एक दिवस. पहिल्या दिवशी फक्त झाकण, पाण्याची टाकी, धूर ओढणारा पंखा आणि लाल बटण. नळी तापते म्हणून तिच्याभोवती पाणी फिरतं. पाणी बंद पडलं तर नळी तडकते. धूर बाहेर गेला नाही तर तो आपल्या छातीत जातो. लाल बटण दाबलं की सगळं थांबतं. सर म्हणाले, "मशीन चालू असताना चहाला जायचं नाही. लाकूड पेटू शकतं." मावशी म्हणाल्या, "दूध तापत ठेवून कोण जातंय!" हा नियम आम्हाला परत सांगावा लागला नाही.

मग वेग आणि जोर. डोकं हळू फिरलं आणि जोर जास्त असला तर आरपार कापतं. भरभर फिरलं आणि जोर कमी असला तर नुसतं वरून कोरतं. तवा जास्त तापला तर भाकरी करपते, कमी तापला तर कच्ची राहते, तेच. प्रत्येक लाकडाला आधी एका तुकड्यावर करून बघायचं. कैलास लेणं वरून खाली कोरत आणलं आहे, एकाच खडकातून. चुकीचा तुकडा उडाला असता तर परत चिकटवता आला नसता. आमच्या फळीचंही तसंच. म्हणून आधी पुठ्ठ्यावर, मग लाकडावर.

सगळ्यात मोठी अडचण डबीच्या सांध्याची आली. तीन मिलिमीटरची फळी, तीन मिलिमीटरची खाच. पण जोडायला गेलो की डबी ढिली, हलवली की सुटते. सरांनी सांगितलं की उजेड स्वतःच्या जाडीइतकं लाकूड खातो, केसापेक्षा थोडं जास्त. खाच त्यामुळे मोठी होते. सर आकडे मांडायला लागले, तेवढ्यात मावशी म्हणाल्या, "म्हंजे माया सोडायची." सरांना कळेना. आम्ही हसलो. ब्लाउज बेतताना शिवणीसाठी कापड जास्त ठेवतो, त्याला आपण माया म्हणतो. चाळीस वर्षं मावशींनी माया सोडून कापड कापलं होतं. त्यांनी खाच जराशी अरुंद काढायला लावली, चार तुकड्यांवर करून बघितलं आणि पाचवी डबी टिच्चून बसली. आता ते सर नव्या मुलांना शिकवताना माया हाच शब्द वापरतात.

चूकही केली, तीही सांगतो. आमच्यातल्या एकीला पर्स करायची होती. तिने घरून रेक्झिनचा तुकडा आणला आणि न विचारता आत ठेवला. दोन मिनिटांत घसा खवखवायला लागला, डोळ्यांत पाणी आलं. सरांनी लाल बटण दाबलं, सगळ्यांना बाहेर काढलं. रेक्झिनवर बहुतेक वेळा पीव्हीसीचा थर असतो. तो जळला की आम्लाचा वायू निघतो. छातीला घातक, आणि मशीनचे लोखंडी भाग गंजवणारा. चूक आमची होती. तेव्हापासून आमच्या वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलंय: काय आहे ते माहीत नाही, ते कापायचं नाही. तुम्ही कुठेही शिकायला गेलात तर हे आधी लक्षात ठेवा.

आता डब्या होतात. कैलासाचं शिखर, वारली बाया, हिमरूची बुट्टी, अशा आमच्या नक्ष्या आहेत. नक्षी काढायला सचिवताई आणि त्यांची बारावीतली मुलगी इंकस्केप नावाची फुकट मिळणारी प्रणाली वापरतात. वेरूळला त्या विकल्या जातात, पापडाच्या शेजारीच ठेवून.

मागच्या महिन्यात बैठकीत मोठा प्रश्न आला. गटाने कर्ज काढून स्वतःचं मशीन घ्यायचं का? आम्हाला सांगितलेला दर अडीच लाखांच्या आसपास. काही जणींचे डोळे चमकले. आम्ही वहीत हिशोब मांडला. महिन्याला आम्ही मशीन वापरतो सहा तास. गावात वीज कधी जाते सांगता येत नाही. नळीचं आयुष्य ठरलेलं, ती संपली की नवी घ्यायची. दुरुस्तीला माणूस शहरातून येणार. सहा तासांसाठी हे ओझं डोक्यावर घेणं परवडत नाही. वाद झाला. एक जण म्हणाली, "स्वतःचं असलं की कुणी गडीमाणूस विचारणार नाही." तिचं बोलणं खोटं नव्हतं. शेवटी ठरलं असं, की मशीन घ्यायचं नाही, पण वर्षभरात गटातल्या निदान चार जणींनी ते एकट्याने चालवायला शिकायचं. आज दोघी शिकल्या आहेत. काम महिन्याला चाळीस तासांवर गेलं, तर विषय परत बैठकीत घ्यायचा. ठराव वहीत लिहिला आहे, सह्या आणि अंगठे सगळ्यांचे.

मागच्या आठवड्यात शेजारच्या गावच्या गटातल्या तीन जणी बघायला आल्या होत्या. कार्यशाळेच्या टेबलावरचा माणूस तोच होता. त्याने यावेळी गडीमाणूस विचारला नाही. मावशींकडे बोट दाखवून म्हणाला, "त्या दाखवतील." मावशींनी झाकण उघडलं, पाण्याची टाकी तपासली, पंखा लावला आणि पाहुण्यांना म्हणाल्या, "आधी लाल बटण कुठं हाय ते बघून घ्या."

तुमच्या गावाजवळ अशी कार्यशाळा असेल, एखाद्या शाळेत, तंत्रनिकेतनात किंवा संस्थेत, तर गटाच्या बैठकीत विषय घ्या आणि एकदा जाऊन या. सोबत वही न्या. पुढच्या भागात लाकूड कुठलं घ्यायचं आणि डबीचा भाव कसा काढायचा, हे सांगू. तोपर्यंत नमस्कार.